काम झाला, सही दामू

संशोधनाचे निष्कर्ष हाताशी यायला वर्षं जातात. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून येऊ लागतात आणि मग थांबतच नाहीत! माझ्या गाइडसरांची एक सवय आहे. माझ्या मसुद्यात जिथे जिथे त्यांना हसू येतं, तिथे तिथे ते समासात लाल पेन्सिलीने लिहितात, ‘मनोरंजक. प्रबंधात नको.’ आता परिस्थिती अशी आहे, की प्रबंधात जाणाऱ्या मजकुरापेक्षा प्रबंधात नको असलेला मजकूर जास्त झाला आहे. तो कुठेतरी ठेवायला हवाच.

माझा विषय असा : कामाच्या जागी माणसं एकमेकांशी कशी बोलतात. सर आधी म्हणाले होते, “जुन्या पोथ्यांतल्या क्रियापदांवर करा. पुण्यात बसून होईल.”

मी म्हटलं, “सर, पोथ्या उलट बोलत नाहीत. मला उलट बोलणारी माणसं हवीत.”

ती इच्छा पूर्ण झाली.

पालघरला माझी आत्या राहते. तिच्याकडे मुक्काम टाकला आणि रोज सकाळच्या एसटीने बोईसरच्या पुढे, तारापूरच्या बाजूला जाऊ लागले. तिकडे सध्या जिथे पाहावं तिथे बांधकामं चालली आहेत. त्यांतल्याच एका लहानशा कंत्राटदार कंपनीच्या साइटवर मला परवानगी मिळाली. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांनी मला चहा पाजला आहे.

०

साइटचे मुख्य इंजिनियर इनामदारसाहेब. उंच, गोरे, आवाज खणखणीत, स्वभावाने भला माणूस. पहिल्याच भेटीत त्यांनी मला माझ्या विषयातून मोकळं करायचा प्रयत्न केला.

“इथे बोलण्याचा काही प्रॉब्लेमच नाही, बाई. मी सांगतो, लोक ऐकतात. संपलं!”

मी उभी होते, कारण खोलीत एकच खुर्ची होती आणि तीत साहेब होते. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हाक मारली, “वर्तक, बाईंना खुर्ची!”

वर्तक हे हेडक्लार्क. सफाळ्याहून रोज येणारे, नेहमी पांढरीशुभ्र टोपी, आणि साहेबांचा शब्द खाली पडायच्या आत झेलणारे. त्यांनी तो शब्द झेलला आणि शिपायाकडे दिला. शिपायाने गोदामाच्या रखवालदाराकडे दिला. इकडे साहेब मला समजावत राहिले, की हुकूम वरून खाली कसा सरळ रेषेत जातो. मी उभ्याने टिपणं घेत राहिले.

बऱ्याच वेळाने खुर्ची आली. ती आणणाऱ्याने घाम पुसत सांगितलं, “सायबांच्या खोलीत एक खुर्ची कमी हाय असा निरोप हाय.” त्याने ती मांडली.

वर्तक तिच्यावर बसले.

०

परवानगी देताना इनामदारसाहेबांनी एक अट घातली. दिवसभर हवं ते संशोधन करा, पण काम सुटल्यावर आमच्या लोकांना रिपोर्ट लिहायला शिकवा. मुंबईच्या ऑफिसला रोज रिपोर्ट हवा असतो आणि तो कुणालाच लिहिता येत नाही.

मी आनंदाने उडीच मारली! नीट लिहिता येणं हा माझ्या मते माणसाचा हक्क आहे. रस्ता आणि पाणी यांच्यानंतर लगेच. हे मी सरांनाही सांगते. सर म्हणतात, “आधी स्वतःचा तिसरा भाग नीट लिहा.”

०

पण शिकवणं संध्याकाळी. सकाळी संशोधन.

मी पुण्याहून एक प्रश्नावली तयार करून आणली होती. सगळे प्रश्न सोपे, घरगुती. सुरुवात अगदीच साध्या प्रश्नाने व्हावी, म्हणजे माणूस मोकळा होतो, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून पहिला प्रश्न, ‘कुठे चाललात?’

सकाळी भोंगा व्हायच्या वेळेला मी फाटकाशी उभी राहिले. सगळ्यांत पुढे आली खलाशांची टोळी. खलाशी म्हणजे जड माल दोर लावून वर चढवणारे आणि खाली उतरवणारे लोक. हे सगळे शिरगावच्या बाजूचे, घरी होड्या असलेले. त्यांचा म्होरक्या दामू तांडेल; तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. मिशीला तेल, गळ्यात लाल रुमाल, आणि चाल अशी की कंपनी त्याचीच. शिरगावच्या किल्ल्यावरून आपण हाक मारली तर समुद्रातली होडी वळते, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगतो.

मी हसून विचारलं, “नमस्कार! कुठे चाललात?”

दामू जागच्या जागी थांबला. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या तोंडावर शिंकले. मग वळून बाजूच्या फळ्यांच्या ढिगावर जाऊन बसला. त्याची टोळी त्याच्यामागे जाऊन बसली. कुणीतरी पाण्याचा तांब्या काढला.

मागून डोंगराकडच्या बाया आल्या, घमेली वाहणाऱ्या. पुढारी काशी. मी तिला विचारलं. तिने घमेलं खाली ठेवलं आणि तीही बसली!

मला वाटलं, वा! लोक मुलाखतीसाठी बसताहेत. मी आणखी लोकांना विचारलं. सगळे बसले.

भोंगा झाला. साइटवर चिटपाखरू नाही, फाटकाशी ही गर्दी. इनामदारसाहेब धावत आले. “काय आहे? संप आहे का?”

“संप नाय, सायब,” दामू म्हणाला. “बायने निघताना कुठं विचारला. आता जरा बसाचा, पानी प्याचा, मग नव्याने निघाचा. काम उंचावरचा हाय.”

“अहो, मग विचारायचं तरी काय?” मी म्हटलं.

“‘जाऊन येता का?’ असा इचाराचा. तुला आयने शिकवला नाय?”

लोक उठले, घराच्या दिशेला तोंड करून पुन्हा साइटकडे वळले आणि कामाला गेले. उशीर का झाला ते मुंबईला कळवणं भाग होतं. वर्तकांनी विचार केला, पेन झटकलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं :

‘कामास उशीर होण्याचे कारण : भाषाशास्त्र.’

०

संध्याकाळच्या वर्गाला पहिल्या दिवशी चांगली गर्दी होती. दोन तरुण ओव्हरसियर, विंच चालवणारे मिश्राजी, दामू, आणि शेवटच्या बाकावर वर्तक. वर्तक शिकायला आलेले नव्हते. आपल्या जागेवर कोण बसतंय ते पाहायला आले होते.

मी म्हटलं, “रिपोर्टमध्ये फक्त तीन गोष्टी हव्यात. काय घडलं, कुणी केलं, पुढे काय झालं. बाकी सगळं काढून टाका.” आणि आदल्या आठवड्याचे जुने रिपोर्ट वाचायला घेतले.

पहिल्याच कागदावर एका ओव्हरसियरने लिहिलं होतं, ‘आपल्या कृपेने काल दुपारी पूर्वेकडील भिंत पडली.’

मी विचारलं, “साहेबांच्या कृपेने भिंत पडली?”

तो गोरामोरा झाला. “वर्तकसाहेबांनी सुरुवात घालून दिलीय, बाई. पुढचं फक्त आम्ही भरायचं.”

मी वर्तकांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, उभी असताना भिंत साहेबांची. पडली म्हणून परकी करायची?”

०

वर्तकांच्या लिहिण्यावर एक वेगळा प्रबंध होईल. पण बोलण्यात ते लिहिण्याच्याही पुढे गेलेले आहेत.

एकदा साहेब बाहेर होते आणि मुंबईला ट्रंककॉल लावायचा होता. निरोप दोन शब्दांचा, ‘सिमेंट मिळालं’. सकाळी नोंदवलेला कॉल दुपारी लागला. वर्तक टोपी सारखी करून उभे राहिले. फोनवरसुद्धा ते वरिष्ठांशी उभ्यानेच बोलतात.

“सविनय सादर नमस्कार. आपले कृपापत्र पावले. मजकूर ध्यानी आला. तरी आपणांस कळवण्यास अत्यंत... हॅलो... अत्यंत आनंद होत आहे की, आपल्या आशीर्वादाने इकडील सर्व मंडळी...”

तीन मिनिटं संपली. एक्स्चेंजने फोन तोडला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून जीप आली. आतून एक अधिकारी घाईघाईने उतरला आणि म्हणाला, “इकडील सर्व मंडळींचं काय झालं?”

०

आता दामूबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

बोलायला लागला की दामू तासभर थांबत नाही. एक गर्डर कसा चढवला हे सांगताना तो गर्डर होतो, दोर होतो, वारा होतो, आणि वाटेत दोन माणसांच्या बायकांची नक्कलही करून घेतो. मला वाटलं, हा माझा सगळ्यांत चांगला विद्यार्थी होणार! मी म्हटलं, “दामूदादा, आता जे बोललात तेच लिहा.”

त्याने पाटीवर जोर देऊन लिहिलं, ‘काम झाला. दामू.’

“आणि बाकीचं?”

“बाकीचा काय? काम झाला ना!”

“पण कसं झालं?”

“बाय, होडी घरी आली की बायको इचारते का, कशी आली? आली ना! नाय आली तर मग सांगाचा असतो. पन तेव्हा सांगनारा नसतो.”

मी महिनाभर प्रयत्न केला. ‘काम झाला’च्या पुढे गाडी जाईना. एकदा फार मिनतवारी केल्यावर त्याने भर घातली, ‘काम बरा झाला.’

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मार्चमध्ये मुंबईहून हुकूम आला. यापुढे प्रत्येक टोळीवर एक सुपरवायझर असेल आणि रोजचा रिपोर्ट तोच लिहील. म्होरक्याला लिहिता येत असेल तर म्होरक्याच सुपरवायझर. नाहीतर मुंबईहून माणूस येईल आणि टोळी त्याच्या हाताखाली जाईल. मेअखेर मोठे साहेब स्वतः येऊन रिपोर्ट बघतील.

हुकूम ऐकून दामूने गळ्यातला रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. “एका होडीत दोन तांडेल?” तो म्हणाला. “मग मी पोरांना घेऊन घरी चाललो. आमी मासे मारू.”

टोळीतल्या लोकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. होड्या सगळ्यांच्या होत्या, पण साइटवर काम करायला लागल्यापासून कुणाच्या घरावर कौलं चढली होती, कुणाचं लग्न ठरलं होतं. दामू निघाला असता तर तेही निघाले असते. पण निघायचं कुणालाच नव्हतं. दामूलाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

०

त्या दिवसांत इनामदारसाहेबांची एक तक्रार असायची. घमेल्यावाल्या बाया आपलं बोलणं समजतच नाहीत. “मी सांगतो, त्या बघत राहतात. हो नाही, नाही नाही!”

मी काशीला विचारलं. काशी म्हणाली, “तो आमाला बोलतो? तो तर मजल्यावरून बोलतो. आमी समजलो, पाखरांना बोलतो.”

“मग कसं बोलायचं?”

“बसून. आमच्याकडं उभ्यान बोलत्यात ते भांडान.”

मी तडक साहेबांकडे गेले. मला अशा वेळी दम निघत नाही. म्हटलं, “साहेब, उद्याची सूचना खाली बसून द्या.” साहेब हसले, पण माणूस भला. दुसऱ्या दिवशी खरोखर एक घमेलं पालथं घालून त्याच्यावर बसले! बाया भोवती बसल्या. मग काशीने विचारलं, पोरं किती? साहेबांनी सांगितलं. बायको इकडे का राहत नाही? तेही सांगितलं. त्यांच्या धाकट्या मुलीला गोवर आला होता, ते सांगितलं. त्यावर एकीने पाला सुचवला, दुसरीने तो चुकीचा आहे म्हणून सांगितलं. साहेब हसले. बाया हसल्या. मी लांबून पाहत होते आणि मनातल्या मनात तिसरा भाग लिहीत होते.

साहेब उठून आले ते कपडे झटकत, तरंगतच. “बाई, मानलं तुम्हाला! इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मी या लोकांशी बोललो!”

“छान! मग काय म्हणाल्या त्या? उद्यापासून नव्या जिन्याने जायचं ना?”

साहेबांचा चेहरा उतरला.

“अरेच्चा! ते सांगायचं राहिलंच.”

०

एप्रिलमध्ये मी वर्गाला माझाच एक उतारा वाचून दाखवला. हेतू असा, की लिहिणं कसं बांधलेलं असतं ते कळावं. सरांनी त्या उताऱ्याला पहिल्यांदाच ‘ठीक’ म्हटलं होतं.

‘श्रमाधिष्ठित परिसरातील मौखिक व्यवहाराचे स्वरूप हे उक्तीपेक्षा मौनाच्या विनियोगावर अधिष्ठित असल्याचे प्रस्तुत निरीक्षणातून प्रत्ययास येते.’

वर्तकांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. त्यांना आवडलं होतं.

मिश्राजींनी हात वर केला. “बहनजी, ये किसके बारे में है?”

“आप लोगों के बारे में.”

दामूने गळ्यातला रुमाल काढला, घडी केली आणि मांडीवर ठेवला. “आमी मेलो का?” त्याने विचारलं.

“नाही हो! असं काय?”

“एवढा जड तर मानूस मेल्यावरच बोलतात.”

सरांनी हा किस्सा खोडला नाही. समासात काही लिहिलंही नाही. नुसता तो ‘ठीक’ खोडला.

०

वर्तकांना दामूची दया आली, हेही सांगायला हवं. त्यांनी त्याला एक तयार रिपोर्ट घोटून पाठ करायला दिला. कुठल्याही कामाला चालेल असा, सगळीकडे कृपा आणि आशीर्वाद. दामूने तो वर्गात मोठ्याने वाचला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटच्या ‘आपला आज्ञाधारक’पर्यंत आल्यावर त्याने कागद खाली ठेवला.

“हा मानूस कोन हाय?” त्याने विचारलं.

“अरे, तूच!” वर्तक म्हणाले.

“मी याला टोळीत घेनार नाय.”

०

आता टाकीचा किस्सा. हा सांगितला की मी दुसरा सांगत नाही.

मे संपत आला होता. पाण्याची लोखंडी टाकी मनोऱ्यावर चढवायची होती, आणि तोच दिवस मोठ्या साहेबांनी निवडला. टाकी चढल्यावर दामूने तिचा रिपोर्ट लिहायचा आणि मोठ्या साहेबांनी तिथेच निकाल द्यायचा.

जीप आली. मोठे साहेब उतरले. त्यांच्यामागून टेरिलीनच्या शर्टातला एक तरुण उतरला, काखेत वळकटी. ती पाहिल्यावर हाच मुंबईचा सुपरवायझर, हे टोळीने ओळखलं. पाहुणा वळकटी घेऊन येत नाही!

टोळी जागेवर उभी राहिली. दोर लागले. मिश्राजी विंचवर बसले. दामू मध्ये, डोकं मागे टाकून, एक हात वर.

“हबेस!” दामू ओरडला. म्हणजे, उचला.

टाकी जमिनीवरून सुटली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. तिथून होडी काढताना फक्त तांडेल बोलतो. दुसरा आवाज आला, मग तो कुणाचाही असो, की सगळे हात जिथल्या तिथे थांबतात. दुसरा बोलला म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असणार. या लोकांनी ती रीत जमिनीवर आणली होती. एरवी साहेब दोर लावायच्या वेळी ऑफिसात असायचे, त्यामुळे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आज मोठे साहेब शेजारी उभे. आपणही काहीतरी करतो आहोत हे दिसायला हवं. टाकी निम्म्यावर गेली आणि इनामदारसाहेब ओरडले, “सावकाश!”

टाकी थांबली. अगदी मधोमध, हवेत.

“थांबलात कशाला? चला!”

टाकी थांबलेलीच.

“अरे, मी सांगतोय ना, चला! काही झालेलं नाही!”

दामूचा हात वर तसाच. टोळीतला एकही माणूस हलेना. मोठे साहेब टाकीच्या सावलीतून हळूच दोन पावलं मागे सरकले. वळकटीवाला आधीच जीपपाशी पोचला होता.

मिश्राजींनी दोन्ही हात विंचवरून काढून मांडीवर ठेवले आणि अदबीने म्हणाले, “साहब, आप बोलना बंद करेंगे, तभी चलेगा.”

“मी कुठे बोलतोय!” इनामदारसाहेब ओरडले.

टाकी वाऱ्यावर थोडी फिरली आणि पुन्हा थांबली.

शेवटी साहेबांना उमगलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच्या तोंडावर धरला. सगळं शांत झालं. दामूने एक श्वास सोडला. “हबेस!”

टाकी चढली. मनोऱ्याच्या वर गेली, जागेवर आली. “आरिया... आरिया...” दामू आता गोंजारल्यासारखा बोलत होता. म्हणजे, सोडा, खाली सोडा. टाकी बसली.

आता रिपोर्ट. दामू ऑफिसात टेबलाशी बसला. टोळी खिडकीत. मोठे साहेब बाजूच्या खोलीत चहा घेत होते. वर्तक दामूच्या खांद्यावरून वाचत होते आणि वाचता वाचता पांढरे पडत होते.

“अरे, हे काय लिहितोस? साहेबांचं नाव? लिही, ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’!”

“तो कोन?” दामूने विचारलं.

“कुणी नाही रे! तसं लिहायचं असतं.”

“बाय बोलली, ज्याने केला त्याचा नाव लिवाचा.”

वर्तक माझ्याकडे आले. हात जोडले. हेडक्लार्कने हात जोडलेले मी पहिल्यांदा पाहिले. “बाई, तुमचं ऐकेल तो. नुसतं नाव काढायला सांगा. बाहेर वळकटी आहे! याच्या मागे किती घरं आहेत, तुम्हाला माहीत आहे. तुमची तत्त्वं पुण्याला न्या, याची टोळी इथे राहू द्या.”

खिडकीतले चेहरे माझ्याकडे पाहत होते. वर्तकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी म्हटलं, “दामूदादा, तुम्हाला काय वाटतं? नाव काढायचं?”

“काढला तर टाकी का थांबली?” तो म्हणाला, आणि लिहायला लागला.

मोठे साहेब आले. चष्मा लावला. कागद हातात घेऊन मोठ्याने वाचू लागले. इनामदारसाहेब शेजारीच उभे होते.

‘टाकी वर नेत होतो. मध्येच इनामदारसाहेब बोलले. टाकी थांबली. साहेब परत बोलले. टाकी थांबलेली राहिली. साहेब गप बसले. टाकी चढली. बसली. काम झाला. दामू.’

वर्तकांनी टोपी काढून हातात घेतली. दारात वळकटीवाला खोकला.

“साहेबांचं नाव घालायची गरज होती का?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“नाय घातला तर लोक बोलतील, दामूची पोरं दमली.”

“आणि साहेब रागावतील, त्याचं काय?”

दामूला खरंच नवल वाटलं. “का रागावतील? बोलले ता लिवला, पन गप बसले ता पन लिवलाय ना! सायबाचा एवढा चांगला कोन लिवतो?”

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कागद इनामदारसाहेबांच्या पुढ्यात सरकवला. “दामूला सुपरवायझर करायचं, तर या रिपोर्टावर सही हवी. सही तुमची. तुम्हाला काही म्हणायचं आहे?”

इनामदारसाहेबांनी तोंड उघडलं.

दामूचा हात वर गेला.

खिडकीत टोळी होती, तीही स्तब्ध झाली. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. तोंड मिटलं. पेन उघडलं, कागद जवळ ओढला आणि सही केली.

दामूने हात हळूहळू खाली आणला.

“आरिया!” तो म्हणाला.